माणूस एक, खाती चार

एका लॅपटॉपवर ड्रॉपबॉक्सची दोन खाती एकाच वेळी कशी चालवायची? ड्रॉपबॉक्स आल्यापासून लोक हे विचारत आहेत आणि कंपनीचं उत्तर आजही अपुरं आहे. एक वैयक्तिक खातं आणि एक ऑफिसचं खातं शेजारीशेजारी जोडता येतं, तेही ऑफिसने टीमचा प्लॅन घेतला असेल तरच. दोन वैयक्तिक खाती चालणार नाहीत. दोन ऑफिसांची चालणार नाहीत. दोन्हीकडे पूर्ण पैसे भरले तरी चालणार नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. ही अडचण मशीनची नाही, कंपनीने आखून दिलेली आहे. तिच्यापायी लोक घरचं, दारचं, धंद्याचं सगळं एकाच खात्यात कोंबतात, आणि फायली हरवतात किंवा भलत्याच्या हाती लागतात त्या तिथे. ही मर्यादा गेली पाहिजे.

मशीनला जमतं

पुरावा टर्मिनलमधल्या एका ओळीत आहे. ड्रॉपबॉक्स आपली सेटिंग्ज, म्हणजे खातं कुठलं, फोल्डर कुठे, काय सिंक झालं आणि काय राहिलं, हे सगळं वापरणाऱ्याच्या होम फोल्डरात, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. सुरू होताना तो ऑपरेटिंग सिस्टीमला होम फोल्डरचा पत्ता विचारतो. लिनक्सवर आणि मॅकवर लोकांनी एक रिकामं फोल्डर बनवलं, 'होम' नावाचं व्हेरिएबल तेवढ्यापुरतं तिकडे वळवलं आणि त्याच ओळीत ड्रॉपबॉक्स पुन्हा सुरू केला. नव्या पत्त्यावर त्याला जुनी सेटिंग्ज सापडत नाहीत. आपण कोऱ्या मशीनवर आलो असं समजून तो लॉगिन मागतो. दुसऱ्या खात्याचा पासवर्ड टाकला की दुसरं फोल्डर तयार होतं. पहिली प्रत तिच्या जागी चालू, दुसरी तिच्या जागी चालू.

विंडोजवर वाट थोडी लांबची आहे. दुसरा विंडोज युजर काढायचा, त्याच्या नावाने ड्रॉपबॉक्स चालवायचा आणि त्याच्या फोल्डरची परवानगी आपल्या युजरला द्यायची. जमलं की इथेही दोन प्रती एकत्र चालतात.

बाहेरच्या माणसाला जे एका ओळीत जमतं, ते बनवणाऱ्या कंपनीला एका बटणात देता येत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेजाऱ्यांनी ते दिलेलं आहे. गूगल ड्राइव्ह 2012 मध्ये आलं तेव्हा त्याचं कॉम्प्युटरवरचं ॲप एकच खातं घ्यायचं. 2017 मध्ये 'बॅकअप अँड सिंक' आलं, ते तीन खाती घेऊ लागलं. आजचं 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' चार घेतं. नेक्स्टक्लाउड हे खुलं सॉफ्टवेअर एकाच खिडकीत अनेक खाती सांभाळतं. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ऑफिसची आणि कॉलेजची अनेक खाती घेतं, पण वैयक्तिक मात्र एकच. चार कंपन्यांची चार खाती ज्या प्रोग्रामला झेपतात, त्याला नवरा-बायकोची दोन झेपत नाहीत हे पटण्यासारखं नाही. हा निर्णय धंद्याच्या टेबलावर झालेला आहे.

बनवलं कुणासाठी?

ड्रॉपबॉक्सच्या जन्माची गोष्ट संस्थापक ड्रू ह्यूस्टन स्वतः सांगत आला आहे. एमआयटीत शिकलेला हा तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसला आणि पेन ड्राइव्ह घरीच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्या प्रवासातच त्याने कोड लिहायला घेतला. 2007 मध्ये त्याने अराश फरदौसीबरोबर कंपनी काढली, आणि सप्टेंबर 2008 मध्ये ड्रॉपबॉक्स सगळ्यांसाठी खुला झाला. फोल्डर एकच, त्यात टाकलेलं सगळ्या कॉम्प्युटरांवर पोचणार. माणूस एक, मशीनं अनेक, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता, आणि तो त्याने फार उत्तम सोडवला.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. मशीन एक, माणसं अनेक. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2017-18 च्या पाहणीत कॉम्प्युटर असलेली घरं शहरात 23.4 टक्के होती, खेड्यात 4.4 टक्के. ज्या घरात तो आहे, तिथेही बहुधा एकच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्या एका लॅपटॉपवर सकाळी मुलीची शाळा भरत होती, दुपारी आईचं ऑफिस, रात्री वडिलांचा हिशेब. लॉकडाऊन उठला, लॅपटॉप एकच राहिला.

घरातली माणसं बाजूला ठेवली तरी एकट्या माणसाच्याही भूमिका अनेक असतात. तो नोकरी करतो, बायकोच्या छोट्या धंद्याची बिलं बनवतो, आई-वडिलांचे मेडिक्लेमचे कागद सांभाळतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो, गणेश मंडळाच्या वर्गणीची यादी ठेवतो. या सगळ्यांची कागदपत्रं वेगळी राहिली पाहिजेत, हे त्याला कुणी शिकवायची गरज नाही. कपाटात तो त्या वेगवेगळ्या फायलींत ठेवतो. लॅपटॉपवर त्याला तसं करू दिलं जात नाही.

सेक्रेटरी बदलला की

गृहनिर्माण संस्थेचंच घ्या. शेअर सर्टिफिकेटच्या नोंदी, नॉमिनेशनचं रजिस्टर, ऑडिट रिपोर्ट, लिफ्टच्या देखभालीचा करार, गळतीचे फोटो, 30 सप्टेंबरच्या आत घ्यायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं. हे सगळं स्कॅन होऊन सेक्रेटरीच्या स्वतःच्या खात्यात जाऊन पडतं, कारण त्याच्या लॅपटॉपवर तेच खातं चालू असतं. मग कमिटी बदलते. जुना सेक्रेटरी फ्लॅट विकून निघून जातो, किंवा नव्या कमिटीशी त्याचं बोलणं बंद होतं. शंभर कुटुंबांची कागदपत्रं एका माणसाच्या घरगुती फोटोंशेजारी अडकून राहतात. नवा सेक्रेटरी बिल्डरकडे, बँकेकडे, जुन्या ऑडिटरकडे खेटे घालून तेच कागद पुन्हा गोळा करतो.

यावर उपाय उघड आहे: संस्थेच्या नावाचं वेगळं खातं. कमिटी बदलली की पासवर्ड बदलायचा आणि रिकव्हरीचा मोबाईल नंबरही बदलायचा. नंबर बदलायला लोक विसरतात आणि जुन्या सेक्रेटरीच्या फोनवर ओटीपी जात राहतात.

पण वेगळं खातं काढून भागत नाही, ते लॅपटॉपवर रोज चालायला हवं. ब्राउझर उघडून, आधीच्या खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्यात शिरून फाइल चढवायची, हे रात्री साडेदहाला थकलेला माणूस करत नाही. तो जवळच्या फोल्डरात टाकतो आणि झोपतो. शिवाय न वापरलेलं खातं टिकेलच असंही नाही. दोन वर्षं हात न लावलेली वैयक्तिक खाती गूगल पुसून टाकू शकतं, आणि डिसेंबर 2023 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आहे. संस्थेचे कागद ज्या खात्यात आहेत ते खातं कुणी उघडतच नसेल, तर कागद धोक्यात आहेत. म्हणून दोन खाती एकाच वेळी चालणं ही हौस नाही. गरज आहे.

फोन आधी शिकले

दोन सिमचा फोन आपल्याकडे गरजेपोटी रुजला. एक नंबर घरचा, एक धंद्याचा. एका कंपनीची रेंज गावाला पोचत नाही म्हणून दुसरीचं सिम. ॲपलनेही 2018 मध्ये आयफोन एक्सएस आणि एक्सआरमध्ये दोन नंबरांची सोय केली. व्हॉट्सॲप मात्र एका फोनवर एकच खातं, यावर अडून बसलं. तेव्हा फोन बनवणारेच पुढे झाले. शाओमीने 'ड्युअल ॲप्स' दिलं, सॅमसंगने 'ड्युअल मेसेंजर' दिलं, म्हणजे फोनच ॲपची दुसरी प्रत काढून द्यायचा. अखेर ऑक्टोबर 2023 मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइडवर दोन खात्यांची सोय स्वतः जाहीर केली.

लोकांनी काढलेली पळवाट म्हणजे कंपनीच्या दारात आलेला मागणी अर्ज. व्हॉट्सॲपने तो उशिरा का होईना वाचला. सिंक करणाऱ्या कंपन्यांच्या दारात तो वर्षानुवर्षं पडून आहे.

पळवाटेवर घर बांधू नका

कंपनीवर टीका करतो म्हणजे दुसरी प्रत चालवण्याच्या जुगाडाची मी भलामण करतो असं समजू नका. जुगाड कंपनीच्या आतल्या रचनेवर उभा असतो, आणि ती रचना कधीही बदलते. मार्च 2022 मध्ये मॅकओएस 12.3 आली. ड्रॉपबॉक्स आणि वनड्राइव्ह ज्या कर्नेल एक्स्टेन्शनवर ऑनलाइन ठेवलेल्या फायली दाखवत होते, ती ॲपलने काढून टाकली. सिंकचं कामच वेगळ्या पद्धतीने होऊ लागलं, फोल्डरची जागासुद्धा लायब्ररीच्या आत हलली. अशा बदलात कंपनीच्या अधिकृत ग्राहकांचीही धावपळ होते. होम फोल्डर वळवून चालवलेल्या दुसऱ्या प्रतीची जबाबदारी तर कुणाचीच नसते. सपोर्टला लिहिलं तर उत्तर एका ओळीत येतं: असं चालवणं आम्हाला मान्य नाही.

आणि कंपनी मध्ये न पडताही दोन प्रती घोळ घालू शकतात. एका सीए फर्ममध्ये पाहिलेली गोष्ट सांगतो. 31 जुलै तोंडावर आलेला. आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीच्या स्क्रीनवर टास्कबारच्या कोपऱ्यात दोन हुबेहूब निळे खोके. एक फर्मच्या खात्याचा, दुसरा सरांच्या स्वतःच्या. माउस वर नेला की दोन्ही 'अप टू डेट' एवढंच सांगतात. तिने एका क्लायंटचा फॉर्म 16 फर्मच्या फोल्डरातून उचलला आणि सरांच्या फोल्डरात ओढून सोडला. तिच्या हिशेबाने कॉपी झाली. पण एकाच डिस्कवर ओढून सोडलेली फाइल कॉपी होत नाही, जागा बदलते. फर्मच्या प्रतीला दिसलं, फाइल गेली. तिने ती सर्व्हरवरून काढली, मग ऑफिसच्या बाकी सगळ्या कॉम्प्युटरांवरून काढली. सरांच्या प्रतीला दिसलं, फाइल आली. तिने ती सरांच्या घरच्या लॅपटॉपवर पोचवली, जो त्यांचा मुलगा वापरतो. दोन्ही खोक्यांवर हिरवी टिक आली. शेजारच्या टेबलावरचा मुलगा त्याच फॉर्मसाठी क्लायंटला पुन्हा फोन लावत होता.

यात त्या मुलीचा दोष नाही. दोन खाती अधिकृतपणे चालवायची सोय असती, तर दोन्हींना वेगळं नाव, वेगळा रंग असता आणि फाइल एका खात्यातून दुसऱ्यात जाताना 'हलवू की कॉपी करू' असं विचारता आलं असतं. कंपनीने तोंड फिरवलं, म्हणून इशारा देणारं कुणी उरलं नाही.

एका फोल्डरवर दोन मालक नकोत

दुसरी प्रत चालवणारे आणखी एक उद्योग करतात, तो तर कधीच करू नका. एकच फोल्डर दोन सिंक प्रोग्रामांच्या हवाली करणं. ड्रॉपबॉक्सचं फोल्डर 'डॉक्युमेंट्स'मध्ये असतं, आणि 'डॉक्युमेंट्स' वनड्राइव्ह सांभाळत असतं. लोकांना वाटतं, दोन ठिकाणी जातंय म्हणजे दुप्पट सुरक्षित. होतं ते असं. एकाने फाइल बदलली की दुसऱ्याला तो बदल दिसतो आणि तो चढवू लागतो. त्याच वेळी दुसऱ्या लॅपटॉपवर हीच जोडी उलट क्रमाने तेच काम करत असते. मग फोल्डरात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असा शेपटा जोडलेल्या फायली दिसू लागतात. मूळ 'इतिवृत्त', त्याखाली 'इतिवृत्त' आणि कुणाच्या तरी लॅपटॉपचं नाव, त्याखाली तेच नाव पण वेगळी तारीख. सभेला मंजूर झालेला मसुदा यातला कुठला, हे मग सेक्रेटरीलाही सांगता येत नाही.

त्यात जागा वाचवायची सोय चालू असेल तर आणखी गुंता. फाइल फक्त ऑनलाइन ठेवून डिस्कवर नुसती तिची खूण दाखवायची, हे दोन्ही प्रोग्रामांना येतं. एकाने खूण ठेवली, दुसऱ्याने ती वाचायला घेतली, की पहिला सगळी फाइल खाली उतरवतो. अशा हजारो फायली उतरू लागल्या की डिस्क भरते, आणि नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर दिवसाचा डेटा दुपारीच संपतो.

विंडोज 11 वापरणाऱ्यांनी तर आत्ताच तपासावं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सेटअप केला असेल, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं वनड्राइव्हकडे गेलेली असणं अगदी शक्य आहे. मोफत जागा तिथे 5 जीबी. ती भरली की 'जागा विकत घ्या' असा तगादा लागतो, आणि आपण काही चालू केल्याचं माणसाला आठवतही नाही. ग्राहकाला स्पष्ट न विचारता त्याची फोल्डरं हलवणं गैर आहे, ते कुठल्याही कंपनीने करू नये.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटाही सिंकच्या फोल्डरात ठेवू नका. टॅलीसारखा प्रोग्राम चालू असताना त्याच्या अनेक फायली एकाच वेळी लिहिल्या जात असतात. सिंक त्यातली एक आत्ताची उचलतो, दुसरी मिनिटभरापूर्वीची. दुसऱ्या मशीनवर जे पोचतं ते अर्धवट असू शकतं. प्रोग्राममधून बॅकअप घ्यावा आणि ती बॅकअपची फाइल सिंकच्या फोल्डरात टाकावी.

कंपनीची बाजू

कंपन्यांची एक बाजू आहे, तीही बघू. ड्रॉपबॉक्स मोफत 2 जीबी देतो. एकाच माणसाने पाच खाती काढून एका मशीनवर चालवली तर त्याला फुकट 10 जीबी मिळतील. त्याची जागा, वीज, देखभाल कंपनीला भरावी लागते. ही चिंता खरी आहे आणि कंपनीने तिचा बंदोबस्त करावा. त्यासाठी साधनंही तिच्या हातात आहेत. मार्च 2019 पासून ड्रॉपबॉक्सने मोफत खातं तीन उपकरणांपुरतं मर्यादित केलं, म्हणजे मोफत वापरावर बंधन घालता येतं हे तिनेच दाखवलं. मग जो पैसे भरतो त्याला का अडवायचं? दोन खात्यांचं वर्षाचं शुल्क भरणाऱ्या माणसाकडून कंपनीचं कसलं नुकसान होतं?

यावर कंपनी सुचवते की एका खात्यातलं फोल्डर दुसऱ्या खात्याशी शेअर करा. ऐकायला बरं वाटतं. पण ड्रॉपबॉक्सच्या वैयक्तिक खात्यांमध्ये शेअर केलेल्या फोल्डराची जागा दोन्ही खात्यांच्या कोट्यातून जाते. 2 जीबीच्या खात्याशी दीड जीबीचं फोल्डर शेअर केलंत, तर तिथे अर्धा जीबी उरला. गूगल ड्राइव्हमध्ये ती जागा फक्त मालकाच्या कोट्यात मोजली जाते. एक काम, दोन कंपन्या, दोन हिशेब. पैसे भरायला लावणारा हिशेब मुद्दाम निवडला जातो, हे ग्राहकाला कळलं पाहिजे.

दुसरी सूचना असते, दुसरं खातं ब्राउझरमध्ये उघडा. सिंकची सगळी किंमतच यात आहे की फाइल आपोआप पोचते. ब्राउझरमध्ये हाताने चढवायची असेल तर पेन ड्राइव्हने काय वाईट केलं होतं?

नोकरी देणाऱ्यांनो, ऐका

छोट्या ऑफिसांत एक वाईट सवय आहे. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात ऑफिसच्या फायली ठेवायच्या, कारण टीमचा प्लॅन घ्यायला पैसे नको. तो कर्मचारी सोडून जातो तेव्हा फायली त्याच्याबरोबर जातात, आणि मग मालक त्याच्यावर ओरडतो. ओरडण्याचा हक्क मालकाला नाही. ऑफिसच्या कामाला ऑफिसचं खातं ही मालकाची जबाबदारी आहे.

उलटही घडतं. ऑफिसच्या खात्यात माणूस स्वतःचे फोटो, मुलांचे दाखले, घराचा करारनामा ठेवतो, कारण लॅपटॉपवर तेच खातं चालू असतं. टीमच्या प्लॅनमध्ये ॲडमिनला एखादं मशीन खात्यातून काढून त्यावरचं ऑफिसचं फोल्डर दुरून पुसता येतं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप नेटला जोडला जातो आणि घराचा करारनामाही पुसला जातो. ऑफिसने नियमानुसारच केलेलं असतं. फोल्डरं वेगळी असती, तर दोघांनाही त्रास झाला नसता.

सिंकला बॅकअप समजू नका

दोन खाती, तीन खाती, कितीही चालवा. सिंक हा बॅकअप नाही. सिंकचं काम, इकडे जे झालं ते तिकडे करायचं. इकडे पुसलंत की तिकडेही पुसलं जातं. रॅन्समवेअरने इकडच्या फायलींना कुलूप लावलं की कुलूप लागलेल्या फायली तिकडे पोचतात. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह या तिघांच्याही मोफत वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल परत मिळवायला साधारण 30 दिवस मिळतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पूर्वी फायली हाताने रिकामी करेपर्यंत राहायच्या, ऑक्टोबर 2020 पासून तिथेही 30 दिवसांचा नियम आला. त्या सीए फर्मचा फॉर्म 16 दोन दिवसांत लक्षात आला म्हणून मिळाला. सोसायटीचं ऑडिट वर्षातून एकदाच उघडलं जातं. ते पुसलं गेल्याचं कळेपर्यंत महिना कधीच उलटलेला असतो.

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम पाळा. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. क्लाउड ही त्यातली घराबाहेरची एक प्रत झाली. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि काम झालं की ती डिस्क लॅपटॉपपासून काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही.

आजचं काम

कंपन्या ऐकेपर्यंत सगळ्यात भरवशाचा मार्ग ऑपरेटिंग सिस्टीममध्येच आहे. एका मशीनवर अनेक युजर ही सोय युनिक्समध्ये 1970 च्या दशकापासून आहे. विंडोज एक्सपीने 2001 मध्ये एका युजरचं काम चालू ठेवून दुसऱ्याकडे वळायची सोय घरोघरी आणली. तरी आपल्या बहुतेक घरांत एकच युजर असतो आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. मुलीसाठी वेगळा युजर काढा, त्यात तिच्या शाळेचं खातं. बायकोच्या धंद्यासाठी वेगळा युजर, त्यात तिचं खातं. प्रत्येक युजरचं होम फोल्डर वेगळं असल्याने प्रत्येकाचा ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह आपापला चालतो. त्यात काहीही वाकवावं लागत नाही आणि कंपनीही हरकत घेत नाही.

एकट्या माणसाला स्वतःची दोन खाती समोर हवी असतील तर गूगल ड्राइव्हची चार खात्यांची सोय वापरा, किंवा एक खातं एका कंपनीचं आणि दुसरं दुसरीचं ठेवा. दोन्हींची फोल्डरं डिस्कवर वेगवेगळ्या जागी ठेवा, कुणाच्याही पोटात दुसऱ्याचं नको. फोल्डरांना नावं अशी द्या की क्षणभरही शंका येऊ नये: 'घर', 'सोसायटी', 'दुकान'. एका खात्यातून दुसऱ्यात फाइल न्यायची तर ओढू नका, कॉपी करून पेस्ट करा. लिनक्सवर अनेक प्रती चालवणाऱ्यांनी फाइल बदलांवर नजर ठेवण्याची मर्यादा वाढवून घ्यावी. ती प्रत्येक युजरला एकत्रितच मिळते. दोन प्रतींनी ती संपवली की फायली सिंक व्हायच्या राहून जातात.

आणि कंपन्यांकडे तीन मागण्या ठामपणे करा. एकाच ॲपमध्ये कितीही खाती, वैयक्तिक आणि ऑफिसची असा भेद न करता. प्रत्येक खात्याला स्वतःचं नाव आणि रंग, टास्कबारवर सहज ओळखता येईल असा. आणि फाइल एका खात्यातून दुसऱ्यात जाताना स्पष्ट प्रश्न. यातलं काहीही अवघड नाही. काही कंपन्यांनी यातलं थोडंफार करूनही दाखवलं आहे.

तुम्ही पैसे भरत असाल, तर पुढचं वर्षाचं शुल्क भरण्याआधी सपोर्टला लिहा: दोन खात्यांचे पैसे घेता, तर दोन्ही खाती माझ्या मशीनवर चालवून द्या. नाही म्हणाले तर जिथे चालतात तिथे फायली हलवा, आणि का हलवल्या तेही कळवा. मोफत वापरणाऱ्याच्या तक्रारीपेक्षा जाणाऱ्या ग्राहकाचं पत्र कंपनीत लवकर वाचलं जातं.